नागपुरात दुधाचा भाव स्थिर, मग क्रीमचाच भाव उन्हाळ्यात का चढतो?

कुल्फीवाला_नंदनवन

सर्वांना नमस्कार. नंदनवन भागात कुल्फी आणि रबडी तयार करण्याचा माझा लहानसा उद्योग आहे. लग्नसराईत तीन-चार केटरर मंडळींना मी ताजे क्रीमही पुरवतो. माझा प्रश्न या क्रीमच्या भावाविषयी आहे आणि गेली तीन वर्षे तो मला सुटलेला नाही.

हिवाळ्यात ४० टक्के फॅटचे म्हणून जे क्रीम मला किलोला २३० रुपयांनी मिळते, तेच एप्रिल संपता संपता २९० वर जाते आणि मे महिन्यात तर तेवढा भाव देऊनही मागितलेल्या मालाच्या निम्माच हाती पडतो. त्याच काळात पिशवीतल्या दुधाचा भाव मात्र फारसा हलत नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात ३० एप्रिल आणि १ मे पासून मोठ्या ब्रँडांनी लिटरमागे २ रुपये वाढवले, म्हणजे वाढ तीन-साडेतीन टक्क्यांची झाली. माझे क्रीम मात्र २६ टक्क्यांनी महागले. दूध आणि क्रीम एकाच कॅनमधून येत असताना त्यांच्या भावात एवढी फारकत का पडावी, हे मला समजत नाही.

पुरवठादाराला विचारले की ‘वरून माल नाही’ एवढेच उत्तर मिळते. वरून म्हणजे कोठून, हे तो सांगत नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आलेल्या एका डब्याचे झाकण उघडले, तर ज्या क्रीममध्ये एरवी पळी उभी राहते, ते डबा कलवताच ताकासारखे काठावर आले. भाव मात्र पूर्णच लावला होता.

टंचाई खरी आहे की ती दाखवली जाते? आणि स्वतःचे सेपरेटर यंत्र घेऊन, गावाकडून म्हशीचे दूध आणून, क्रीम स्वतःच काढणे माझ्या आकाराच्या उद्योगाला परवडेल का? उन्हाळ्यात मला आठवड्याला साधारण ६० किलो क्रीम लागते.

लॅक्टोमीटर

मी दुग्धप्रक्रियेच्या कामात २८ वर्षे काढली आणि आता निवृत्त आहे. टंचाई खरी आहे. तिचे कारण मात्र दूध कमी पडते एवढेच नाही. नागपुरात कोणते दूध येते आणि नागपूरकर कोणते दूध मागतो, या दोहोंतील अंतरात ते आहे.

क्रीम हे दुधाच्या धंद्यात मुख्य उत्पादन नसून शिल्लक आहे, हे आधी लक्षात घ्यावे. प्रक्रिया केंद्रात आलेल्या दुधातील फॅट पिशवीवर छापलेल्या फॅटपेक्षा जितकी जास्त, तितकेच क्रीम निघते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकानुसार टोन्ड दुधात किमान ३ टक्के, स्टँडर्डाइज्डमध्ये ४.५ टक्के आणि फुल क्रीममध्ये ६ टक्के फॅट असावी लागते. आता ६.५ टक्के फॅटचे म्हशीचे १००० किलो दूध घेऊन त्याचे ३ टक्क्यांचे टोन्ड दूध केले, तर ४० टक्क्यांचे क्रीम जवळपास साडेचौऱ्याण्णव किलो निघते. ३.५ टक्के फॅटचे संकरित गाईचे तेवढेच दूध घेतले, तर क्रीम निघते फक्त साडेतेरा किलो. दोन्ही वेळा टँकर भरलेलाच असतो आणि दुधाची टंचाई कोणालाही दिसत नाही, पण क्रीमच्या टाकीत सात पटींचा फरक पडतो.

याच्या उलट बाजूचा हिशेब अधिक बोलका आहे. गाईच्या त्याच १००० किलो दुधापासून ६ टक्क्यांचे फुल क्रीम करायचे असेल, तर क्रीम निघणे दूरच, वरून साडेत्र्याहत्तर किलो क्रीम घालावे लागते आणि एसएनएफ, म्हणजे फॅट वगळता दुधातला बाकीचा घन भाग, ९ टक्क्यांवर नेण्यासाठी पावडरही मिसळावी लागते. आपल्या शहरात चहाच्या टपरीपासून घरापर्यंत घट्ट दुधाची आवड आहे, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणजे ज्या पिशवीला मागणी आहे ती क्रीम खाते, आणि जे दूध बाहेरून येते ते क्रीम देत नाही. या दोहोंतून जे उरेल ते तुमच्यापर्यंत येते.

यात उन्हाळ्याची भर पडते. हिवाळ्यात म्हशी दुधावर असतात, केंद्रात क्रीम साचते, जागा अडते आणि लोणी करून शीतगृहात ठेवण्याचा खर्च टाळण्यासाठी ते बाहेर विकले जाते. तुमचे २३० रुपये हे त्या दिवसांतले आहेत. एप्रिलपासून तेच केंद्र आइस्क्रीम, श्रीखंड आणि लस्सीसाठी स्वतःचे क्रीम राखून ठेवते. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून आइस्क्रीमवरील जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आणि लोणी व तुपावरील १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे येत्या उन्हाळ्यात ही मंडळी बाहेर क्रीम सोडण्याच्या बाबतीत आणखी हात आखडतील, असा माझा अंदाज आहे. तो चुकला तर मलाही आनंदच होईल.

दुधाचा भाव का हलत नाही, तर तो रोज सकाळी लाखो घरांत जाणारा भाव आहे. त्याला हात लावायला कंपन्या कचरतात. वर्षातून एक-दोनदा, तेही रुपया-दोन रुपये. क्रीमचा भाव विचारणारी माणसे शहरात मोजकीच, त्यामुळे हंगामाचा सगळा चढउतार त्यांच्या अंगावर येतो.

पातळ डब्याबद्दल एक विनंती. क्रीम किलोवर घेऊ नका, फॅटवर घ्या. ४० टक्क्यांचे क्रीम २९० ला घेतले, तर फॅटचा किलोभाव ७२५ रुपये पडतो. ते ३४ टक्क्यांचे निघाले तर ८५३. डब्याचे वजन तेच राहते आणि फॅटच्या किलोमागे सव्वाशेहून अधिक रुपये गेलेले कळतही नाहीत. क्रीमची फॅट मोजण्यासाठी वेगळी गर्बर नळी मिळते, दुधाची नळी त्याला चालत नाही. आणि नमुना घेण्याआधी डबा ढवळा, कारण उभ्या डब्यात फॅट वर चढते आणि वरची पळी नेहमीच खुशीत असते.

ढेप_कुटार

मी कुही तालुक्यातला शेतकरी. माझ्याकडे सात म्हशी आहेत, त्यांपैकी सध्या चार दुधावर आहेत. लॅक्टोमीटर काकांनी केंद्राच्या आतला हिशेब सांगितला, मी गोठ्यातला सांगतो, कारण ‘वरून माल नाही’ या वाक्यातले ‘वर’ म्हणजे बहुतेक आम्हीच आहोत.

म्हैस वर्षभर सारखे दूध देत नाही, आणि ती कधी व्यायची हे आमच्या हाती फारसे नसते. उन्हाळ्यात तिचा माज दिसत नाही. ती गाभण राहते ते थंडी पडू लागल्यावर. गाभणकाळ दहा महिने दहा दिवसांच्या आसपास, म्हणजे बहुतेक म्हशी पोळ्यापासून दिवाळीपर्यंत वितात आणि दुधाचा भर हिवाळ्यात येतो. मार्च-एप्रिलला त्या उतरणीला लागतात. त्यात नागपूरचा उन्हाळा. काळी कातडी, घामाच्या ग्रंथी कमी, पारा ४५ च्या पुढे आणि डुंबायला तळ्यात पाणी नाही. मी गोठ्यावर तणसाचे छप्पर टाकून दुपारी दोनदा पाणी मारतो, तरी जी म्हैस जानेवारीत सकाळी पाच लिटर देते, ती मे महिन्यात अडीचवर येते.

चाऱ्याचे तर विचारूच नका. आमच्याकडे कोरडवाहू जमीन. हिरवा चारा मार्चनंतर संपतो. मग सोयाबीनचे कुटार, भंडाऱ्याकडून येणारे धानाचे तणस आणि सरकीची ढेप यांवर काढायचे. विदर्भ कापसाचा प्रदेश, तेव्हा ढेप इथे स्वस्त असेल असे पुण्याकडच्या पाहुण्यांना वाटते. ढेपेचे वायदे होतात, त्यांचे मूळ केंद्र अकोला धरले जाते. भाव तिथल्या पडद्यावर ठरतो आणि कापसाचा हंगाम सरला की तो चढतो. नेमके तेव्हाच आमच्या म्हशी आटत असतात. फॅट टिकवायची तर ढेप घालावी लागते, आणि ढेप घातली तर लिटरमागे काही उरत नाही.

आता तुमच्या भावाशी थेट संबंध असलेली गोष्ट. माझ्या दुधाला संकलन केंद्रावर ६ फॅट, ९ एसएनएफला ५२ रुपये पडतात आणि चुकारा दहा दिवसांनी होतो. गावापासून शहराच्या कडेपर्यंत मोटारसायकलवर कॅन नेऊन रतीब घातला, तर तेच दूध लिटरला ७५ ने जाते, कोणी फॅट लावून पाहत नाही आणि पैसे महिन्याच्या महिन्याला हातात. तेव्हा चांगले दूध रतीबाला जाते आणि केंद्रावर जाते ते उरलेले. हिवाळ्यात रतीब भरूनही दूध उरते, म्हणून केंद्राला मिळते. उन्हाळ्यात रतीबालाच पुरत नाही, तर तुमच्या सेपरेटरपर्यंत काय पोचणार?

अनुदानाचीही गंमत सांगतो. राज्य सरकारने जानेवारी २०२४ मध्ये लिटरला ५ रुपये दिले, जुलैपासून ३० रुपये दर आणि ५ रुपये अनुदान, ऑक्टोबरपासून २८ आणि ७ असे केले. जनावरांच्या कानात बिल्ले मारून घ्या, ऑनलाइन नोंद करा, हे सगळे आले. पण ते सर्व गाईच्या दुधासाठी. म्हैसवाल्याला त्यातला एक रुपया नाही. ज्या फॅटसाठी तुम्ही सगळे रांगेत उभे आहात, ती देणारे जनावर योजनेत बसतच नाही.

कुल्फीवाला_नंदनवन

दोघांचेही मनापासून आभार. दादा, तुमच्या उत्तराने एक गोष्ट लख्ख झाली. मी केंद्राचा ग्राहक आहे असे समजत होतो. प्रत्यक्षात मी तुमच्या रतीबवाल्या घरांशी स्पर्धा करतो आहे.

यावरून दोन उपप्रश्न. तुमच्यासारख्या चार-पाच शेतकऱ्यांकडून थेट ६५ रुपयांनी दूध घेऊन सेपरेटर चालवला तर? तुम्हाला केंद्रापेक्षा तेरा रुपये जास्त मिळतील आणि मलाही क्रीमची खात्री राहील. दुसरे असे की समृद्धी महामार्ग झाल्यापासून नगरकडचे दूध एका रात्रीत येते म्हणतात. मग तिकडचे क्रीमच का येत नाही?

रात्रपाळी_टँकर

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण माझे दोन टँकर त्याच मार्गावर चालतात.

११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला आणि आमच्या धंद्याचे घड्याळच बदलले. पूर्वी जुन्या रस्त्याने औरंगाबाद, जालना, मेहकर करत येताना टँकर कोठे अडकेल याचा नेम नसे. आता संध्याकाळी भरलेला टँकर पहाटे इथल्या केंद्राच्या दारात उभा असतो. चार अंशांवर भरलेले दूध उतरवताना तापमान पाहिले जाते, मगच नळी जोडतात. उन्हाळ्यातही एक-दोन अंशांपेक्षा जास्त चढत नाही, कारण बराचसा प्रवास रात्रीचा असतो. नगर, संगमनेर, श्रीरामपूर हा सगळा संकरित गाईंचा पट्टा आहे, म्हणजे काकांनी सांगितलेले ३.५ फॅटचे दूध ते हेच. रस्ता चांगला झाल्याने शहरात दूध वाढले, क्रीम नाही.

आता तिकडचे क्रीम इकडे का येत नाही? येते, पण तुमच्याकडे येत नाही. ४० टक्क्यांच्या एका किलो क्रीममध्ये गाईच्या साडेअकरा किलो दुधाइतकी फॅट असते, त्यामुळे फॅटच्या हिशेबाने वाहतूक दुधापेक्षा कितीतरी स्वस्त पडते, हे अगदी खरे. तरीही टँकरभर क्रीम घेणारा गिऱ्हाईक लागतो आणि तो लोणी किंवा तूप करणारा मोठा कारखानाच असू शकतो. साठ किलोसाठी माझा टँकर हलत नाही, आणि कॅनमध्ये भरून साध्या गाडीने आणले तर मे महिन्यात ते वाशीमपर्यंत आंबते. एकदा एका ओळखीच्या व्यापाऱ्याच्या आग्रहाखातर बर्फाच्या पेटीतून दहा कॅन आणले होते. उतरवताना आठ ठीक निघाले आणि दोन उघडताच सगळ्यांनी नाकाला रुमाल लावला. भाडे मी घेतले नाही, पण ते गिऱ्हाईकही परत आले नाही.

येताना दूध आणि जाताना रिकामा टँकर, हे या मार्गाचे दुखणे आहे. परतीचे भाडे दुधाच्या भावातच बसते, आणि नागपूरकर ते रोज सकाळी भरतो.

लॅक्टोमीटर

सेपरेटरच्या प्रश्नाचे उत्तर कागदावरच मिळते, यंत्र विकत घेण्याची गरज नाही.

म्हशीचे ६.५ फॅटचे १०० किलो दूध पूर्ण विलग केले, तर ४० टक्क्यांचे सुमारे १६ किलो क्रीम आणि ८४ किलो सायविरहित दूध मिळते. सोयीसाठी किलोला ६५ रुपये धरले, तर खरेदी ६५०० रुपयांची. मे महिन्यातील २९० च्या भावाने १६ किलो क्रीमचे ४६४० झाले. उरलेले १८६० रुपये त्या ८४ किलोंतून निघायला हवेत, म्हणजे किलोला २२ रुपये. दही, ताक किंवा कमी फॅटचे पनीर यांतून ते निघू शकतात. हिवाळ्यात मात्र क्रीम २३० ला मिळत असताना त्याच ८४ किलोंवर किलोला जवळपास साडेतेहतीस रुपयांचा बोजा येतो आणि तो कोणी देणार नाही. म्हणजे यंत्र परवडते ते फक्त उन्हाळ्यात, आणि उन्हाळ्यात ढेप_कुटार यांच्याकडे दूध नसते. आठवड्याला ६० किलो क्रीम म्हणजे ३७५ किलो दूध. त्यांची चारही जनावरे आणि शेजाऱ्यांची तेवढीच मिळवली, तरी मे महिन्यात ते जमणार नाही. शिवाय आठवड्याला तीनशे पंधरा किलो सायविरहित दुधाचे तुम्ही काय करणार? कुल्फीत तर ते घालता येणार नाही.

अनुदान गाईलाच का, या तक्रारीचा मला आदर आहे, परंतु त्यामागचे अर्थकारण वेगळे होते आणि ते समजले तर क्रीमच्या भावाची दुसरी दोरी कोठे बांधलेली आहे तेही कळेल. गाईच्या जादा दुधाची पावडर आणि लोणी होते. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या १०० लिटर दुधातून ढोबळमानाने पावणेनऊ किलो पावडर आणि सव्वाचार ते साडेचार किलो लोणी निघते. २०२३ च्या सुरुवातीला पावडर किलोला तीनशेच्या वर होती. २०२४ च्या मध्याला ती दोनशेच्या आसपास उतरली. निव्वळ पावडरच्या बाजूने लिटरमागे नऊ-दहा रुपये गेले, आणि लोणीही त्या काळात उतरले होते. जुलै २०२३ मध्ये राज्याने ३४ रुपये किमान दर ठरवला होता, तरी वर्ष संपेपर्यंत अनेक ठिकाणी गाईचे दूध २५-२७ ला विकले गेले, ते यामुळेच. म्हशीचे दूध पावडरीवर अवलंबून नसल्याने ते तेवढे कोसळले नाही, म्हणून अनुदानाच्या यादीत ते आले नाही. न्याय झाला असे मी म्हणत नाही.

तुमच्या कामाचा भाग असा, की देशात लोणी स्वस्त असेल तर क्रीमचा भाव फार वर जाऊ शकत नाही, कारण मोठा खरेदीदार क्रीम सोडून शीतगृहातील लोण्याकडे वळतो. तुम्हीही वळू शकता. रबडीला आणि कुल्फीच्या मिश्रणाला बिनमिठाचे पांढरे लोणी वितळवून, गरम दुधात चांगले घुसळून घातले, तर फॅटचा हिशेब बरोबर जमतो. केटररला द्यायचे फेटण्याचे क्रीम मात्र तसे होत नाही. लोण्यात ८० टक्के फॅट धरली, तर किलोभावाला ०.८ ने भागा आणि क्रीमच्या ७२५ शी ताडून पाहा. हिवाळ्यात घेऊन उणे १८ अंशांवर ठेवले तर ते मेपर्यंत सहज टिकते. शीतगृहाचे भाडे मात्र त्यात मिळवायला विसरू नका. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ ते विसरले आणि पुढचे सहा महिने लोण्याला ‘पांढरा हत्ती’ म्हणत होते.

केटरर मंडळींबद्दल सावध राहा. भाव एका मर्यादेपलीकडे गेला की ती वनस्पती तेलाच्या क्रीमकडे जातात, आणि गेलेला केटरर हिवाळ्यात परत येईलच असे नाही.

धरमपेठची_काकू

विषय धंद्याचा आहे, तरी एक भर घालते. आमच्यासारख्या घरांतून जी साय रोज काढली जाते, तिचाही या बाजारावर परिणाम होत असावा. रतीबाचे म्हशीचे दूध घेतले की आठ दिवसांच्या सायीचे विरजण लावून लोणी निघते आणि महिन्याचे तूप घरीच होते. पिशवीच्या होमोजिनाइज्ड, म्हणजे फॅटचे कण बारीक करून मिसळलेल्या, दुधावर तशी साय धरत नाही, म्हणून आमच्या इमारतीतल्या पाच घरांनी रतीब पुन्हा सुरू केला. म्हणजे ढेप_कुटार भाऊंचे ७५ रुपये आम्ही दुधासाठी देतो असे दिसते, पण त्यांतले निदान वीस-पंचवीस तरी तुपासाठी असतात.

कोजागिरीच्या रात्री मात्र रतीबवालाही हात वर करतो. त्या रात्री नागपुरात दूध मागणे म्हणजे पोळ्याच्या दिवशी बैल उसना मागणे.

ढेप_कुटार

काकू, अगदी बरोबर बोललात. आणि काका, पावडरीचा हिशेब समजला, राग मात्र गेला नाही.

विदर्भात दूध वाढवण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही, हेही लिहून ठेवतो. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा या ६ जिल्ह्यांत दुधाळ जनावरे वाटली गेली. ज्यांच्याकडे चारा-पाणी नव्हते त्यांनी ती विकून टाकली. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या साह्याने विदर्भ-मराठवाड्याचा प्रकल्प पहिल्या टप्प्यात ११ जिल्ह्यांत चालला आणि दुसऱ्या टप्प्यात तो १९ जिल्ह्यांत गेला. त्यामुळे आमच्या गावात निदान वजनकाटा आणि फॅट मोजणारे यंत्र आले, आणि खाजगी संकलनवाल्यालाही भाव थोडा वर न्यावा लागला. एवढा फरक मी स्वतः पाहिला आहे. पण संकलनाची गाडी दाराशी आली म्हणून म्हैस मे महिन्यात दूध देत नाही. त्यासाठी मार्चनंतर ओलिताचा चारा लागतो, आणि ज्याच्या विहिरीला पाणी आहे तो संत्र्याला देतो.

कुल्फीवाले भाऊ, तुमच्या ६५ रुपयांच्या प्रस्तावाला माझे उत्तर असे, की नोव्हेंबर ते फेब्रुवारी रोज पंधरा लिटर देईन, आनंदाने देईन. मे महिन्याचा शब्द देत नाही. तीन म्हशी पुढे-मागे व्याव्यात म्हणून कृत्रिम रेतनाचे वेळापत्रक हलवून पाहतो आहे. दोन वर्षांत एकच म्हैस फेब्रुवारीत व्यायली. तेवढे दूध उन्हाळ्यात तुमचे.

कुल्फीवाला_नंदनवन

आठ दिवसांनी लिहितो आहे. गर्बरची क्रीमची नळी मागवली आणि पुरवठादाराच्या तीन डब्यांचे नमुने ढवळून तपासले: ३८, ३६ आणि ३८. हिवाळ्यात, माल मुबलक असताना ही स्थिती आहे. म्हणजे २३० रुपयांत फॅटचा किलोभाव ५७५ पडतो असे मी समजत होतो, तो ६०५ ते ६३९ पडत होता. आकडे घेऊन त्याच्याकडे गेलो. भांडण झाले नाही. तो म्हणाला की सेपरेटरचा क्रीमची घट्टता ठरवणारा स्क्रू कधी इकडे कधी तिकडे होतो, आणि यापुढे फॅटच्या किलोवर बिल करायला त्याची हरकत नाही.

सेपरेटरचा विचार सोडला आहे. दोनशे किलो पांढरे लोणी जानेवारीत घेऊन ठेवण्याची बोलणी चालू आहेत. ते कुल्फी-रबडीला वापरीन आणि उन्हाळ्यात मिळेल ते ताजे क्रीम केवळ केटररसाठी राखीन, म्हणजे गरज आठवड्याला पंचवीस किलोंच्या आत येते. शीतगृहाचे भाडे धरले आहे, काका.

ढेप_कुटार दादांचे पंधरा लिटर या सोमवारपासून सुरू झाले. पहिल्या दिवशी फॅट ७.१ लागली. मेच्या भावाबद्दल पुरवठादाराशीही बोललो. फॅटवर बिल तो तेव्हाही करील, भाव मात्र ‘तेव्हाचा तेव्हा पाहू’ म्हणाला.